बेसवाल्याने मागेच उभं राहायचं का?

प्रश्न : दादा, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये बेस (बेस गिटार) वाजवते. तीन गाणी लिहिलीत, चाली पण माझ्याच. पण बाकीचे म्हणतात बेसवाल्याने ड्रमपाशी उभं राहायचं, गाणार लीड गिटारवाला. बेस वाजवत गाता येतं का? असं करिअर कुणी केलंय का? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

उत्तर : अगं केलंय की! मॅकार्टनी, स्टिंग ही नावं तुला कुणीही सांगेल, म्हणून मी थिन लिझी या आयरिश रॉक बँडच्या फिल लायनॉटचं सांगतो, कारण हा माणूस बेसकडे वळला तेच मुळात बँडमधून हाकलल्यावर. जन्म १९४९ चा इंग्लंडमधला, आई आयरिश, वडील गयानाचे, वाढला डब्लिनच्या क्रमलिन भागात आजीकडे. स्किड रो नावाच्या बँडमध्ये (अमेरिकेतला त्याच नावाचा बँड वेगळा, गोंधळ करू नकोस) तो नुसता गायचा. १९६९ मध्ये टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं आणि परत येतो तर काय, जागा गेलेली! बँडचा लीडर ब्रश शील्स, त्याला बहुतेक मनाला लागलं असावं, त्यानेच मग फिलला एक जुना बेस विकला आणि वाजवायला पण शिकवलं, आणि त्याच वर्षी फिलने ड्रमर ब्रायन डाउनीला घेऊन थिन लिझी काढला.

म्हणजे आधी गायक, मग बेसवाला. त्यामुळे त्याचं वाजवणं बरेचदा सरळ, पिकने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने), ठोक्याला धरून, आणि गळा मात्र मोकळा, शब्द कधी ओढून कधी जवळजवळ बोलल्यासारखे. तुला पण हेच सांगेन, बेसलाईन एवढी घोट की टीव्ही बघत वाजवता आली पाहिजे, मग नुसते शब्द तिच्यावर बोल, सूर सगळ्यात शेवटी. आपल्याकडे पेटी वाजवत गाणारे ढीगभर आहेत, त्यांना कुणी विचारतं का जमतं का म्हणून?

आणि मागे उभं राहण्याचं म्हणशील तर या पठ्ठ्याने बेसवर आरशासारखी प्लेट बसवून घेतलेली, स्टेजचा लाइट त्यावर पडला की कवडसा थेट पब्लिकच्या तोंडावर!

करिअर सरळ नव्हतं हां. पहिलं मोठं हिट 'व्हिस्की इन द जार', १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये सहाव्या नंबरपर्यंत गेलं, पण ते पारंपरिक आयरिश गाणं, याने लिहिलेलं नव्हे, आणि त्याच वर्षाच्या शेवटी गिटारवाला एरिक बेल बँड सोडून गेला. मग १९७४ मध्ये एकाच्या जागी दोन गिटारवाले आले, स्कॉट गोरम आणि ब्रायन रॉबर्टसन, आणि दोन्ही गिटार जोडीने सुरात वाजायला लागल्या तेव्हा कुठे बँडला स्वतःचा आवाज मिळाला. १९७६ च्या 'जेलब्रेक' अल्बममधलं 'द बॉईज आर बॅक इन टाउन' ब्रिटनमध्ये आठव्या आणि अमेरिकेत बाराव्या नंबरवर गेलं, आणि ते एकट्या लायनॉटने लिहिलेलं. म्हणून तुझ्या तिन्ही गाण्यांवर आत्ताच तुझं नाव आणि तारीख टाकून ठेव, दोस्ती वेगळी, रॉयल्टी वेगळी. आणि अमेरिकेत गाणं चाललेलं असतानाच याला कावीळ झाली, तिथला दौरा अर्धवट सोडून परत यावं लागलं.

पुढे हेरॉइनच्या नादी लागला. १९८३ मध्ये बँड मोडला, १९८५ मध्ये गिटारवाल्या गॅरी मूरसोबत एक हिट दिलं, आणि ४ जानेवारी १९८६ ला गेला, वय फक्त ३६. यावर जास्त काही लिहवत नाही.

ऐकायला सुरुवात 'डान्सिंग इन द मूनलाइट'पासून कर, १९७७ चं आहे, अख्खं गाणं बेसवर चालतं. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको ऐकूस, बेस ऐकूच येणार नाही, हेडफोन लाव.