आशाताईंना तुम्ही ‘ठीक आहे’ का सांगता?

(पत्र थोडक्यात: एका आईने लिहिलंय. लेक तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. गेल्या गणपतीत तिला टीबी निघाला, दिवाळीत ठरलेलं लग्न मोडलं. फेब्रुवारीत रिपोर्ट आला की हा साध्या औषधांना दाद न देणारा टीबी आहे. गोळ्या बदलल्या, वाढल्या. होळीपासून ती रात्र रात्र जागी असते. फ्रिजमधून कुणीतरी आपलं नाव घेतं म्हणते आणि उठून प्लग काढते, सकाळी दूध नासलेलं असतं. रंग काळवंडला म्हणून तिने आरसा भिंतीकडे फिरवून ठेवलाय. परवा म्हणाली, “आता पुरे.” आई विचारते: लग्न मोडल्याचं दुःख विसरावी म्हणून दुसरं स्थळ बघू का, आणि त्यांना टीबीचं सांगू की नको?)

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यातली तीन पानं त्या मोडलेल्या लग्नाची आहेत. अंगठी परत मागायला कोण आलं, मामा काय बोलले, सगळं आहे. मी अडकले ते तिसऱ्या पानावरच्या, गावच्या आरोग्य कार्यकर्तीबद्दलच्या एका ओळीशी. “आशाताई दर आठवड्याला गोळ्यांचं विचारून जातात, त्यांना आम्ही ठीक आहे एवढंच सांगतो, उगाच गावभर नको.”

होळी होऊन अकरा आठवडे झाले. म्हणजे अकरा वेळा एक बाई तुमच्या उंबऱ्यावर येऊन विचारून गेली, “पोरीला काही त्रास नाही ना?” आणि अकरा वेळा तुम्ही तिला हसून वाटेला लावलंत. आत पोरगी भिंतीला पाठ लावून बसलेली. मला राग आला, ताई, लपवत नाही. जे दोन घरं पलीकडच्या बाईला सांगायचं होतं, ते तुम्ही पोस्टाने मला पाठवलंत.

आणि गावभर कसं होईल? तुम्हीच लिहिताय की टीबीचं गल्लीत अजून कुणाला ठाऊक नाही. आशाताईंना ते गणपतीपासून ठाऊक आहे. इतके महिने त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. टीबी झाला हे त्यांना सांगता आलं, पण पोरीला भास होतात हे सांगताना तुमची जीभ अडखळली. कारण टीबी म्हणजे आजार आणि भास म्हणजे वेड, असं तुमच्या मनाने ठरवून टाकलंय.

आता तुमच्याच पत्रातले सण ओळीने लावा. लग्न मोडलं दिवाळीत. संक्रांतीला तिने भाच्याच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने केले, मुकुटाला दोन दिवस लागले, हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. धक्क्याने खचलेली पोर एकेक दाणा दोऱ्यात ओवत बसेल का? झोप उडाली होळीला. संक्रांत आणि होळीच्या मधे काय घडलं? गोळ्या बदलल्या.

आजच गोळ्यांची पाकिटं काढा आणि सायक्लोसेरीन हे नाव शोधा. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत ही कॅप्सूल काहींना देतात. ती मेंदूपर्यंत पोचते, आणि काही जणांची त्यामुळे झोप जाते, मन खचतं, भास होतात, फिट येते, जिवाचं बरंवाईट करायचे विचारही येतात. डॉक्टरांना हे पक्कं माहीत असतं, म्हणूनच तर तिच्या जोडीला पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी देतात. तुमच्या लेकीचं कारण हेच, असं मी इथे बसून ठरवणार नाही. लांबलेल्या आजारानेही मन पोखरतं. पण ठरवायचं ज्यांनी, त्यांच्यापर्यंत बातमी पोचू द्या. कारण औषधाचं असेल तर डोस कमी करून किंवा ते बदलून हा त्रास बहुतेकदा ओसरतो.

टीबीची औषधं आणि मन यांचं नातं आजचं नाही. १९५२ साली न्यूयॉर्क शहरातल्या स्टेटन आयलंडवर, सी व्ह्यू नावाच्या टीबीच्या रुग्णालयात इप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन पाहिलं. खंगलेले रुग्ण हसू-बोलू लागले, वॉर्डात नाचले. त्यातूनच पुढे नैराश्यावरचं एक पहिलं औषध मिळालं. फुप्फुसासाठी घेतलेली गोळी मनाला उभारी देऊ शकते, तशी दुसरी एखादी त्याला खालीही ओढू शकते. तुम्ही उतरवलेला नारळ तिथवर पोचत नाही.

आणि तो आरसा. क्लोफाझिमिन नावाची गोळी चालू असेल तर कातडी तपकिरी, काळपट होते. कोर्स संपल्यावर रंग हळूहळू निवळतो, काही महिने, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. हे तिला कुणी सांगितलंय? तुम्ही तिला हळद-बेसन लावताय म्हणता. ते राहू द्या. शेजारी बसा आणि सांगा की हा गोळीचा रंग आहे, जाणार आहे.

उद्या सकाळी आशाताईंच्या येण्याची वाट बघू नका. तुम्हीच त्यांच्या घरी जा. म्हणा, “होळीपासून पोरगी झोपत नाही, तिला आवाज ऐकू येतात, आता पुरे म्हणते. मी तुमच्याशी खोटं बोलले.” हीच वाक्यं, यातला एक शब्द गाळू नका. मग लेकीला आणि सगळी पाकिटं घेऊन त्यांच्यासोबत उद्याच क्षयरोग केंद्रात जा.

तोवर मनाने एकही गोळी बंद करू नका, अर्धवट औषधाने हा टीबी आणखी चिवट होतो. आणि झोपेची किंवा डिप्रेशनची गोळी बाहेरून आणून देऊ नका. टीबीच्या गोळ्यांत लिनेझोलिड असेल तर डिप्रेशनच्या काही गोळ्या तिच्यासोबत जिवावर बेतू शकतात. मानसोपचारतज्ज्ञांनाही आधी पाकिटं दाखवा.

आज रात्री तिच्याजवळ झोपा. गोळ्यांचा डबा तुमच्या ताब्यात ठेवा. “जीव द्यावासा वाटतो का गं?” असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट तिला बोलायला वाट होते. हो म्हणाली, तर सकाळची वाट बघू नका, तशाच जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. रात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

स्थळाचं मला आता विचारू नका. ती रात्रभर झोपायला लागली की विचारा, तेव्हा उत्तर देईन.

फ्रिजचा प्लग तिने काढला तर काढू द्या. त्यावरून वाद नको, ओरडणं तर नकोच. काही दिवस दूध लागेल तेवढंच, रोजचं रोज आणा.