नवा कन्सोल आला की जुना पीसी का अडतो?

प्रश्न : माझ्याकडे आय५-९४००एफ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्क आहे. जुने गेम सुरळीत चालतात, नवे लई अडकतात. आधी काय बदलू?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मोठे गेम बहुधा कन्सोलची (टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राची) ताकद धरून बनतात. २०१३च्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलमध्ये हार्ड डिस्क होती आणि प्रोसेसर कमकुवत होता, त्यामुळे त्या काळातले गेम तुमच्या पीसीला जड गेले नाहीत. २०२०च्या प्लेस्टेशन ५मध्ये ८ कोअरचा, बराच ताकदवान झेन २ प्रोसेसर, प्रोसेसर आणि ग्राफिक्सला मिळून १६ जीबी मेमरी आणि वेगवान एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) आली. पहिली काही वर्षं बरेच गेम दोन्ही पिढ्यांसाठी निघाले. जुन्या कन्सोलची साथ सुटली तशा पीसीच्या अटी वाढल्या.

गेम चालू असताना विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवतो) उघडा. डिस्क १००%वर चिकटली असेल तर आधी एसएसडी घ्या. मदरबोर्डावर एम.२ स्लॉट (छोट्या, चपट्या एसएसडीची खाच) आहे का आणि तो एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची एसएसडी) घेतो का, हे मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर २.५ इंची साटा (हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची) एसएसडीही चालेल. सोबत रॅम ८+८ जीबी करा, दोन्ही काड्या एकाच वेगाच्या.

ग्राफिक्स कार्ड नंतर, पण ८ जीबीपेक्षा कमी मेमरीचं मुळीच नको. तुमचा बोर्ड पीसीआयई ३.०चा (कार्ड जोडायच्या जुन्या, कमी वेगाच्या मार्गाचा), त्यामुळे फक्त ४ लेनचं (डेटाच्या चारच वाटा असलेलं) कार्ड त्यावर मंदावतं. १६५०ला बोर्डातून मिळणारे ७५ वॅट पुरतात. मोठ्या कार्डाला वेगळी ८ पिनची वायर लागते. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ते लावू नका, ताण आला की पीसी मध्येच बंद पडतो. चांगला ५५० वॅटचा घ्या.