बॅचमधले सगळे पुढे गेले, मीच राहिलो

गेल्या काही वर्षांत समुपदेशन करताना एक वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की समोरच्याने सुरुवात केली की शेवट मला माहीत असतो. "मॅडम, तसं सगळं ठीक आहे हो, पण बॅचचं रीयुनियन ठरलंय आणि तेव्हापासून झोपच लागत नाहीये." कधी रीयुनियन नसतं, नुसता व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, कुणीतरी वीस वर्षांनी तो सुरू केलेला असतो आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांनी आपापलं लिहून टाकलेलं असतं, सध्या कुठे, कोणत्या पोस्टवर, मुलं कितवीत. इंजिनीअर, डॉक्टर पण येतात हे घेऊन, पण एमबीएवाले जास्त, आणि त्यांचं दुखणं जरा वेगळं ठसठसतं.

त्याला कारण आहे. बिझनेस स्कूलमध्ये दोन वर्षं तुम्हाला कशाने मोजलं जातं आठवून बघा. बऱ्याच ठिकाणी रिलेटिव्ह ग्रेडिंग असतं, म्हणजे तुम्हाला किती मार्क पडले यावर ग्रेड नाही, बाकीच्यांच्या मानाने किती पडले यावर. शेजारच्याने पेपर चांगला लिहिला की तुमचा आपोआप खाली सरकतो. मग प्लेसमेंट, पहिल्या दिवशी कोणाची निवड झाली, कोण फॉर्मल कपडे घालून शेवटपर्यंत बाहेर खुर्चीवर बसून राहिला, सगळं सगळ्यांसमोर. कोर्स संपतो पण ती पट्टी हातातून सुटत नाही. लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडलं होतं की स्वतःला जोखायला ठोस माप हाताशी नसलं की माणूस इतरांकडे बघतो, आणि त्यातही आपल्यासारख्यांकडे बघतो. म्हणून जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाची बातमी वाचून कुणाची झोप उडत नाही, पण मागच्या बाकावरचा सीईओ झाला की उडते.

तर ही एका गृहस्थांची गोष्ट. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय पंचेचाळिशीच्या आसपास, एमबीए होऊन २० वर्षं झालेली, ६० जणांची बॅच. प्लेसमेंटला पहिल्या दिवशी निवडले गेलेल्यांपैकी ते एक. पुढे ७-८ वर्षं जोरात गेली, मग मुलीला ऐकायला कमी येतं हे कळलं, स्पीच थेरपी सुरू झाली, त्यात लहान वयातली वर्षं फार महत्त्वाची असतात, आणि यांची नोकरी महिन्यातले १५ दिवस बाहेरगावी. बायकोने एकटीने सगळं करायचं हे त्यांना पटेना, म्हणून त्यांनी फिरतीची नोकरी सोडून साधी, एका जागची नोकरी घेतली. पगार कमी, पद छोटं. आज मुलगी छान बोलते, शाळेत वाद घालते म्हणे शिक्षकांशी. पण ग्रुपवर या माणसाने ४ वर्षांत वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे एक ओळ लिहिली नव्हती.

दुसऱ्या सेशनला ते लॅपटॉप घेऊनच आले. म्हणाले, तुम्हाला नीट कळावं म्हणून आणलंय. उघडून बघते तर एक्सेल शीट. लिंक्डइनवरून आणि ग्रुपवरच्या गप्पांतून गोळा केलेली अख्ख्या बॅचची माहिती. पद, कंपनी, देश, स्वतःचा बिझनेस आहे का, जोडीदार काय करतो, मुलं काय करतात, शेवटचा कॉलम फिटनेस. कितीतरी रात्री जागून केलेलं काम होतं ते. मला ते बघून हसू आलं नाही, उलट पोटात तुटलं, कारण एवढा हुशार माणूस आपली सगळी हुशारी स्वतःच्याच विरोधात वापरत होता.

शीटमध्ये काही चौकोन पिवळे केलेले होते.

"हे पिवळं काय आहे?"

"त्या त्या कॉलममधलं बेस्ट."

"आणि तुम्ही स्वतःला कुणाशी ताडून बघता?"

"सगळ्यांशीच."

"नाही. पिवळ्यांशी. जरा बघा, एक तरी ओळ अशी आहे का जी डावीकडून उजवीकडे पूर्ण पिवळी आहे?"

त्यांनी वरून खाली बघितलं, मग खालून वर. फिल्टर लावला. एकही नाही. एकाचं पद, दुसऱ्याची कंपनी, तिसऱ्याची मुलं, चौथ्याचं पोट सपाट, असे तुकडे जोडून त्यांनी मनात एक माणूस उभा केला होता आणि गेली कित्येक वर्षं त्या माणसासमोर ते हरत होते, जो वर्गात कधी नव्हताच. पाचएक मिनिटं ते नुसते स्क्रीनकडे बघत बसले, मग मोठ्याने हसले, आणि जाताना म्हणाले मॅडम, डोकं हलकं झालं.

बरेच समुपदेशक इथे थांबले असते. मी थांबले नाही, कारण असला हलकेपणा किती टिकतो ते मला माहितीये. पुढच्या आठवड्यात ते पडलेल्या चेहऱ्याने आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "सापडला."

झालं असं होतं की एका जुन्या मित्राचा फोन आला होता. मोठी कंपनी चालवतो, संसार उत्तम, मुलं गुणी, रोज पळायला जातो, आणि फोनवर यांच्या मुलीची मनापासून चौकशी केली. "तो माणूस म्हणूनही चांगला आहे मॅडम, त्याचाच जास्त त्रास होतोय. आणि तो जिथून वर चढला ना, तीच ऑफर मला आली होती. मी नाही म्हटलं होतं."

हे थोडक्यात हुकणं फार छळतं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधले खेळाडूंचे चेहरे अभ्यासून काही संशोधकांनी १९९५ साली दाखवलं होतं की ब्रॉन्झवाले सिल्व्हरवाल्यांपेक्षा जास्त खूश दिसत होते. सिल्व्हरवाल्याला हुकलेलं गोल्ड दिसतं, ब्रॉन्झवाल्याला वाटतं चला, मेडल तर मिळालं.

आता अशा वेळी आपण सगळे काय सांगतो? "अरे, त्यालाही काहीतरी टेन्शन असेलच, वरून दिसतं तसं नसतं." मी हे कुणालाही सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नका असं मला कळकळीने वाटतं. एक तर ते खोटं असू शकतं. आणि दुसरं म्हणजे त्यात आपलं समाधान दुसऱ्याच्या दुःखावर उभं राहतं, तो खरंच सुखी निघाला की आपण परत कोसळतो. मी अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. त्यांनी १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जी पद्धत मांडायला सुरुवात केली, जिला आपण विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो, तिच्यातली एक महत्त्वाची रीत अशी आहे की आधी वाईटातलं वाईट खरं आहे असं धरून चाला आणि मग बघा की त्यातलं आपल्याला नेमकं काय टोचतंय. म्हणून मी त्यांना म्हटलं, समजा तो खरंच सगळ्या बाबतीत तुमच्या पुढे आहे. मग?

"मग मी नापास."

"कशात?"

"एकूणच. माणूस म्हणून."

हे 'एकूणच' मी त्यांना वहीत लिहायला लावलं. पुढची दोनतीन सेशन त्यावरच गेली. मला ती पोस्ट मिळाली असती तर आवडलं असतं, हे वाक्य खरं आहे, ते म्हणताना वाईट वाटणारच, वाटू दे. पण मला ती मिळायलाच हवी होती आणि मिळाली नाही म्हणून मी फालतू, हे त्याला जोडलेलं शेपूट आहे आणि सगळं विष त्या शेपटात आहे. त्यांना डोक्याने पटत होतं, वहीत सुंदर लिहूनही आणत होते, एमबीएवाले असाइनमेंट चांगली करतात. पण आत उतरत नव्हतं, ते मला दिसत होतं.

आणि मग मला एक गोष्ट आठवली जी मी दुसऱ्या सेशनलाच टिपून ठेवली होती. बॅच ६० ची आणि शीटमध्ये ओळी ५८. एक ओळ ते स्वतः, ती नाही हे समजू शकते, स्वतःला त्यांनी स्पर्धेतच धरलं नव्हतं. पण दुसरी?

विचारलं तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो माझा रूममेट. गेला. ९ वर्षं झाली."

"ओळ का काढलीत?"

"काय लिहिणार त्याच्यापुढे. पद नाही, कंपनी नाही."

"कसा होता?"

आणि हा माणूस, जो सहा सेशन फक्त पोस्ट आणि पगाराबद्दल बोलला होता, तो पाऊण तास त्या मित्राबद्दल बोलत राहिला. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून याला शिकवत बसलेला, ते पण रिलेटिव्ह ग्रेडिंग असताना, म्हणजे याला शिकवून स्वतःचीच ग्रेड खाली आणणारा. प्लेसमेंटला खूप उशिरा निवड झाली त्याची, पण जो कुणी इंटरव्ह्यूला जाईल त्याची टाय हाच नीट करून द्यायचा.

मी विचारलं, "बॅचमध्ये त्याचा नंबर कितवा लावाल?"

"त्याला नंबर कसा लावणार?"

"का नाही? शेवटी निवड झाली, लवकर गेला, हातात काही मोठं नाही. ५९ वा?"

ते माझ्यावर खरंच चिडले. "काय बोलताय मॅडम! त्याला नंबर नाही लावता येत. तो... तो होता हो. बस."

मी गप्प बसले. माझ्या कामात कधी बोलायचं हे शिकायला दोन वर्षं लागली असतील पण कधी गप्प बसायचं हे कळायला दहा लागली. त्यांचे डोळे भरून आले, नजर खाली गेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग मला का लावतोय मी?"

इतकी वर्षं हे काम करतेय, पण असा क्षण समोर घडला की अजून अंगावर काटा येतो. पद मोजता येतं, पगार मोजता येतो, पेपर तपासता येतो, एखादा निर्णय चुकला का बरोबर हेही बोलता येतं. पण हे सगळं ज्याच्या नावावर आहे त्या माणसाची बेरीज करून एक आकडा काढता येत नाही. एलिस आयुष्यभर हेच सांगत राहिले, वागण्याला मार्क द्या, माणसाला देऊ नका. मी ते शंभर वेळा वाचलंय, शिकवलंय, पण इतकं साधं करून मला त्या दिवशी त्या गृहस्थांनी समजावलं.

मग रीयुनियनला जायची तयारी. 'सध्या काय करतोस?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं यावर लोक फार घाबरतात आणि दोन चुका करतात, एकतर फुगवून सांगतात नाहीतर आधीच माफी मागितल्यासारखं 'विशेष काही नाही रे' म्हणतात. दोन्हींत लपवणंच असतं. एक सरळ वाक्य तयार ठेवा, जे खरं आहे आणि ज्यात 'फक्त' हा शब्द नाही. यांनी तयार केलं, "मुलीसाठी फिरतीची नोकरी सोडली, आता एका छोट्या कंपनीत आहे, काम बरं आहे." पहिल्यांदा म्हणताना आवाज अडकला, दहाव्यांदा नाही. एलिस लोकांना ट्रेनमध्ये मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायला लावायचे, लाज वाटली म्हणून आभाळ कोसळत नाही हे अनुभवायला. यांच्यासाठी हे वाक्य म्हणजे तेच होतं.

आणि दुसरं, तुम्हाला वाटतं तेवढं लोक तुमच्याकडे बघत नसतात. २००० साली छापून आलेला एक प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना एका गायकाचा मोठा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांनी बघितलं असणार, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलं होतं. तुमचं पद हा तसाच टीशर्ट आहे.

ग्रुप म्यूट करू का, रीयुनियनला जाऊ नको का, हेही नेहमी विचारतात. म्यूट करा की, त्यात काही पळपुटेपणा नाही, रोज जखम खरवडायची गरज नसते. पण न जाण्याचं कारण 'मला कंटाळा येतो' असेल तर नका जाऊ, 'मला तोंड दाखवायची लायकी नाही' असेल तर जाच. आणि गेल्यावर विचारायचे प्रश्न बदला. कुठे आहेस, काय पोस्ट, हे सोडून विचारा की हल्ली कशात मन रमतं, आईवडील कसे आहेत, आपल्या त्या दोन वर्षांतलं काय आठवतं. हेवा वाटला तर त्याला हाकलू नका, तो कुठे बोट दाखवतोय ते बघा. कधीकधी आपल्याला खरंच काहीतरी बदलायचं असतं आणि ते हेव्यामुळेच कळतं. मात्र झोप, भूक आठवड्यांमागून आठवडे उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर ते रीयुनियनचं टेन्शन समजून अंगावर काढू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, तिथे उशीर करायचा नसतो.

ते गृहस्थ गेले रीयुनियनला. तिथे रूममेटचा विषय त्यांनीच काढला आणि मग रात्री उशिरापर्यंत आठदहा जण त्याच्याबद्दलच बोलत बसले होते. परत आल्यावर शीटमध्ये त्याची ओळ घातली, सगळे कॉलम रिकामे ठेवून, आणि त्याच्याखाली स्वतःची. मी विचारलं, तो सगळं असलेला मित्र भेटला का?

"भेटला ना. तासभर बोललो. तो खरंच सुखी आहे मॅडम." आणि थोडं थांबून, जरा आश्चर्यानेच, "मला ऐकून बरं वाटलं."