स्फुटलेखन सुरू करणाऱ्यास

वाचलेले पुस्तक, ऐकलेले गाणे आणि इंटरनेटवर अवचित सापडलेली एखादी चमत्कारिक गोष्ट यांवर नियमित स्फुटे लिहिण्याचा तुमचा विचार असेल, तर आधी नोंदी ठेवण्याची सवय लावून घ्यावी. पुस्तकातील वाक्य आवडले की आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठक्रमांक तेथल्या तेथे लिहावा, कारण आवृत्ती बदलली की पाने बदलतात आणि तेच वाक्य शोधण्यात अर्धा दिवस जातो. गायकाचे नाव सर्वांच्याच लक्षात राहते. गीतकार आणि संगीतकार यांची नावे मात्र ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरून किंवा चित्रपटाच्या श्रेयनामावलीतून पडताळून घ्यावीत.

इंटरनेटवरील मजकुराचा भरवसा सर्वांत कमी. आज दिसणारे पान उद्या नाहीसे होऊ शकते. म्हणून नुसता दुवा जपून न थांबता, १९९६ साली स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाच्या वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या सेवेमध्ये त्या पानाचा पत्ता देऊन प्रत जतन करावी, म्हणजे तारीख-वेळेसह स्वतंत्र दुवा हाती येतो. थोरामोठ्यांच्या नावावर फिरणारी सुवचने तर मूळ ग्रंथात सापडेपर्यंत वापरूच नयेत.

प्रत्यक्ष लिहिताना कथानक सांगत बसू नये. ‘अप्रतिम’ हे विशेषण, माझे मत काहींना कडक वाटले तरी, वर्ज्यच मानावे. दुसऱ्या कडव्यापूर्वी वाद्यमेळ थांबतो आणि केवळ बासरी उरते, एवढे नेमके सांगितले तरी वाचक ते गाणे पुन्हा लावून ऐकतो. आणि तिन्ही विषय एकाच स्फुटात कोंबू नयेत.