गुलाबाच्या पानाखालची जाळी आणि माझी वाया गेलेली बाटली

ताई, "पानं धुळकट दिसतात, खालून बारीक जाळी, दोनदा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं तरी वाढतच चाललंय" हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. 2019 च्या एप्रिलमध्ये जळगावला आमच्या गच्चीवर अगदी हेच चाललं होतं. 22 कुंड्या होत्या, पाऊस येईपर्यंत 13 राहिल्या.

तिसरी फवारणी कृपा करून थांबवा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा लाल कोळी वाटतो. नाव लाल असलं तरी बऱ्याचदा तो पिवळट-हिरवट असतो, म्हणून चकवतो. पांढरा कागद पानाखाली धरून पान टिचकीने झटका. मिरपुडीसारखे ठिपके चालू लागले की समजायचं. तर हा कोळी मुळात कीटकच नाही. आठ पायांचा, घरातल्या कोळ्याच्या गोतावळ्यातला जीव. इमिडाक्लोप्रिड माव्यावर, तुडतुड्यांवर चालतं, पण याच्यावर नाही. शिवाय त्याला खाऊन आटोक्यात ठेवणारे ढालकिडे (लेडीबर्ड) त्या औषधाने मरतात. म्हणजे पैसे देऊन राखणदार मारायचे आणि चोराला किल्ली द्यायची. त्यात कोरडी हवा आणि तिशीपुढचं तापमान असलं की त्याची एक पिढी आठवड्याभरात तयार होते.

हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मी दुकानात गेले ती रिकाम्या हाताने, पान न घेता. "गुलाबावर किडे पडलेत" एवढंच म्हटलं. काउंटरवरच्याने मान वर न करता बाटली पुढे सरकवली, "सगळ्यावर चालतं." दहा दिवसांनी पुन्हा गेले तर म्हणाला, "डोस वाढवा." वाढवला. चूक त्याची की माझी? अर्धी-अर्धी म्हणू, पण कुंड्या माझ्या गेल्या. मग एका सरकारी कार्यालयात गेले, तिथे पहिला प्रश्न, "सातबारा आहे का?" गच्चीचा सातबारा कुठून आणू? दोन टेबलं फिरवून शेवटी कापसाच्या बोंडअळीचं पत्रक हातात दिलं. उन्हातून रिक्षाने जाऊन-येऊन! आजही आठवलं की डोकं तापतं.

गेलेल्या नऊ कुंड्यांत सासूबाईंच्या हातचा गावठी गुलाब होता. ग्लॅडिएटर जातीचा गुलाब नर्सरीत पुन्हा मिळाला, सासूबाईंचा तो नाही मिळाला.

शेवटी उपयोगी पडलं ते साधं पाणी. सकाळी लवकर, पाइपच्या तोंडावर अंगठा धरून जोरदार धार पानांच्या खालच्या बाजूने मारायची, दर दोन-तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे. वरून शिंपडून काही होत नाही, सगळं बिऱ्हाड खालीच असतं. फार जाळी झालेली पानं तोडून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. मग आठवड्याने एकदा निंबोळी तेल, लिटरला 5 मिली, आधी थोड्या साबणाच्या पाण्यात नीट फेटून. तेही ऊन उतरल्यावर, आणि आदल्या दिवशी झाडाला पोटभर पाणी घालून. तहानलेल्या झाडावर तेल मारलं की पानं करपतात. गंधकाची पावडर कोळ्यावर चालते हे खरं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात मी हात लावणार नाही. पारा 32 च्या वर असताना पान भाजतं, आणि तेलानंतर दोन-तीन आठवड्यांत मारली तर नक्कीच.

एवढं करूनही आवरलं नाही तर लेबलवर स्पष्ट 'कोळीनाशक' लिहिलेलंच घ्या आणि डोस लेबलवरचाच ठेवा, दुकानदाराच्या तोंडचा नव्हे. मी काही कृषी पदवीधर नाही, आमच्या गच्चीवर जे झालं ते सांगतेय. तुमच्या अकोल्याचं ऊन आमच्यासारखंच, म्हणून लागू पडेल असं वाटतं. कोकणातल्या कोणी हे वाचत असेल तर जसंच्या तसं करू नका, तिथल्या दमट हवेत कोळ्यापेक्षा पानावरचे काळे डाग जास्त छळतात.

कळ्या उमलत नाहीत, कडा तपकिरी होतात असंही तुम्ही लिहिलंय. ते बहुधा फुलकिडे (थ्रिप्स, कळ्या-फुलांतले बारीक किडे), वेगळं प्रकरण. तशा कळ्या खुडून टाका, जवळ निळा चिकट सापळा टांगा. लोक पिवळा टांगतात, पण फुलकिडे निळ्याकडे जास्त जातात.

कुंड्या तापलेल्या भिंतीपासून हलवा, दुपारपुरती सावलीची हिरवी जाळी बांधा. गच्चीवरची धूळही धुऊन काढा, धुळीत हा कोळी फार फोफावतो. युरिया तर आत्ता चिमूटभरही नको, कोवळी लुसलुशीत पानं म्हणजे त्याला मेजवानी. आणि गुलकंदासाठी पाकळ्या काढत असाल तर इमिडाक्लोप्रिड मारलेल्या झाडाची या हंगामातली एकही पाकळी वापरू नका. ते औषध झाडाच्या अंगात भिनतं, धुऊन जात नाही.

राहता राहिला छाटणीचा प्रश्न. आत्ता वाळकी काडी आणि सुकलेलं फूल, बस. 43 डिग्रीत खोड उघडं पडलं तर ते उन्हाने भाजतं. मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात.