आईने साठीनंतर दुसरं लग्न केलं तर पेन्शन बंद होते का?

वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले, ते गेल्यावर आईंना फॅमिली पेन्शन येतेय आणि आता त्या 62व्या वर्षी लग्न करतायत, असं तुम्ही लिहिलंय. आधी अभिनंदन! आता पेन्शनचं, तर आईंची स्वतःच्या नोकरीची काही पेन्शन असेल तर ती त्यांचीच, तिला लग्नाने धक्का लागत नाही. पण वडिलांमागे येणारी जी आहे ती केंद्राच्या नियमात मृत्यू किंवा पुनर्विवाह, जे आधी होईल तोवरच, साठी उलटली म्हणून सूट वगैरे नाही. अपवाद आहे तो मूलबाळ नसलेल्या विधवेला, तोही तिचं इतर उत्पन्न किमान फॅमिली पेन्शनपेक्षा (9,000 अधिक महागाईची रक्कम) कमी असेल तरच, आणि तुम्ही आहात म्हणजे तो प्रश्नच मिटला. ईपीएस-95 मध्येही (खाजगी वगैरे नोकरीतल्या पीएफ खातेदारांची पेन्शन योजना) विधवेची पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबते. लपवायचं सुचवणारे भेटतील, ऐकू नका, नंतर सगळी वसुली निघते.

एक मात्र, नवे यजमान केंद्राचे पेन्शनर असतील तर रिटायरमेंटनंतर केलेल्या लग्नाची बायकोही त्यांच्या मागे फॅमिली पेन्शनला पात्र असते. लग्न रजिस्टर करा आणि पीपीओत (पेन्शन मंजुरीचा आदेश) नाव लगेच घालून घ्या, नाहीतर पुढे त्यांचीच मुलं आक्षेप घेतात, बघितलंय मी.