हरमलचे पाहुणे आणि बसमधली दोस्ती

प्रश्न : गोव्यात हरमलला आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. लष्करी सेवा आटोपलेली इस्रायली मुलं दरवर्षी उतरतात. परवा एक जण म्हणाला, अमेरिकेतल्या ज्यू मुलांच्या सहलीत तो सैनिक असताना फिरला होता. हे काय प्रकरण? – एक वाचक

उत्तर : ‘तग्लित’ असणार, इंग्रजीत बर्थराइट. १९९९ साली सुरू झालेली ही योजना परदेशांतल्या ज्यू तरुणांना साधारण दहा दिवस इस्रायल फुकट दाखवते. खर्च देणगीदार आणि इस्रायल सरकार वगैरे उचलतात. जेरुसलेम, मसादाचा प्राचीन किल्ला, मृत समुद्र हे ठरलेलंच. खरी मेख तुमच्या पाहुण्याने सांगितली तीच: त्याच वयाची इस्रायली मुलं, बरीचशी सैन्यातली, काही दिवस त्याच बसमध्ये असतात. गाइडच्या भाषणापेक्षा मागच्या सीटवरच्या गप्पाच जास्त काम करत असतील, असं आपलं माझं मत. महिनोन्‌महिने राहून शिकायचं तर २००४ पासून ‘मसा’ ही वेगळी योजना आहे. तग्लितच्या सहलीत पॅलेस्टिनी बाजू दाखवत नाहीत, ही टीकाही आहेच; २०१८मध्ये काही अमेरिकी तरुण त्यावरून सहल अर्धवट सोडून गेले.

माझं माहेर रेवदंड्याचं, म्हणून थोडं आगाऊ सांगते. तिकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र वारी, तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. १९४८नंतर बहुतेक इस्रायलला गेले. पण भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं आणि वर फळं असा एलियाहू हन्नावीचा, म्हणजे त्यांच्या प्रेषित एलियाच्या नावाचा, मलिदा तिथेही होतो. पाहुणा लोद, अश्दोद किंवा दिमोनाचा असेल, तर मराठीत बोलून बघा. एखाद्याची आजी कुलाब्याची निघायची.